दोन नंबरचा पंप

विक्रोळीला, सातव्या मजल्यावर
काचेच्या फळ्यावर मी दोन चौकोन काढले.
एक खाडीच्या अलीकडे, एक पलीकडे, ऐरोलीला.
सबनीस म्हणाले, दुसरा झोपलेला ठेवू,
पहिला पडला की उठेल.
निम्म्या पैशांत काम.

काम म्हणजे रक्तपेढ्यांची यादी.
कुठल्या फ्रिजमध्ये कुठल्या गटाच्या किती पिशव्या,
कुणी मागितल्या, कुणाकडे निघाल्या.
एकतीस पेढ्या दर मिनिटाला विचारतात
आणि उत्तर यावंच लागतं.

नव्व्याण्णव पूर्णांक नऊ, मी लिहिलं.
म्हणजे वर्षातून पावणेनऊ तास मुकं.
आणखी एक नऊ, बावन्न मिनिटं.
आणखी एक, सव्वापाच.
सबनीस प्रत्येक नवापुढे रुपये मांडत गेले
आणि नौशाद हळूच म्हणाला,
नऊ भलतेच महागलेत, मॅडम.

मला आठवत होते घाडी,
आमच्या भांडुपच्या सोसायटीत पंपाच्या खोलीत बसणारे,
कानात विडी खोचून, जी ते कधीच ओढत नाहीत.
दोन पंप. सम तारखेला डावा, विषमला उजवा.
कमिटीनं एकदा विचारलं,
एक धड चालतोय, तर दुसरा कशाला झिजवता?
घाडी म्हणाले, "बंद ठेवलेलो पंप पंप नसता, लोखंड असता.
गरज लागतली त्या दिशी
तो तुमका वळखूचो नाय."

मग नव्या सेक्रेटरीनं टाकी लवकर भरावी म्हणून
एका पहाटे दोन्ही एकदम लावले.
सी विंगच्या जिन्यावरून पाणी
चपला घेऊन खाली उतरलं.

तेही मी फळ्यावर काढलं:
खाडीवरची तार तुटली
तर दोन्ही चौकोन जिवंत,
आणि दोघांनाही वाटणार, दुसरा गेला,
आता मीच मालक.
शेवटची एक ओ निगेटिव्ह पिशवी
एकजण देईल परळला, एकजण मालाडला.
दोन रिक्षा सुटतील.
पिशवी एकच.

खोलीतला एसी तेवढा बोलत राहिला.

म्हणून घाटावर, पुण्याला, तिसरं एक लहानसं यंत्र.
त्याच्याकडे यादी नाही, पिशव्या नाहीत,
फक्त एक मत.
ज्याच्या बाजूनं दोन मतं, तो बोलेल.
ज्याला आपलंच एक, त्यानं
आपण धडधाकट असतानाही गप्प बसायचं.
यंत्राला हे शिकवायला तीन आठवडे लागले,
सबनीसांना पटवायला सहा.

आणि दोघेही जागे, मी म्हटलं.
आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, भर दुपारी,
आपल्याच हातानं एकाला पाडायचं.
सम महिन्यात अलीकडचा, विषममध्ये पलीकडचा.
"चालत्या गाडीला खीळ?"
हो. खीळ कुठे बसते ते ठाऊक हवं.

सही झाली.
उरला शेवटचा कागद,
रात्री फोन कुणाला.
त्यावर पाच वर्षं एकच नाव, माझं.
चुलतबहिणीच्या लग्नात मी मांडवामागे
लॅपटॉप उघडून बसले होते, हळदीच्या बोटांनी.
सबनीस याला निष्ठा म्हणतात.
घाडी काय म्हणाले असते
ते मी मनातही पुरतं म्हटलं नाही.

इरावतीचं नाव लिहिलं.
माझ्या खाली नाही, शेजारी.
सम तारखा तिच्या.
ती म्हणाली, मला जमेल?
मी म्हटलं, पहिल्यांदा हात थरथरतील,
म्हणून तर आत्ता.

पहिल्या सम रात्री मी दीडपर्यंत जागी,
फोन उशीशेजारी पालथा.
वाजला नाही.
तिच्याकडे वाजला असेल तर
तिनं उचलला असेल.
दोनदा हात गेला, दोनदा मागे घेतला.
धडधाकट असताना गप्प बसणं
मलाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

पाच वाजता खाली पंप सुरू झाला.
डावा की उजवा,
आवाजावरून मला कळलं नाही.